चौदा हँडी, एक रिपीटर: तयारीच्या नोंदी

काम असं: पावसाळ्याआधीच्या शोध-बचाव सरावासाठी चौदा हँडी (हातात धरायचे वायरलेस सेट) एकसारख्या भरायच्या, म्हणजे त्यांत चॅनल साठवायचे. कुणाच्याही हातात कुठलीही दिली तरी तोच चॅनल त्याच क्रमांकावर सापडला पाहिजे आणि २ मीटर बँडच्या एका रिपीटरमधून (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच दुसरीवर परत पाठवणारं केंद्र) सगळ्यांचं बोलणं झालं पाहिजे. रिपीटर सिंहगडाच्या रांगेत. सरावाचा पट्टा खानापूर, रांजणे, पाबे खिंड, वेल्हे. वापरणारे सगळे लायसन्सधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले; कुणाचं ओळखनाव (कॉल साइन) व्हीयू२ ने सुरू होणारं, कुणाचं व्हीयू३ ने. लायसन्स नसलेल्या स्वयंसेवकाला हँडी द्यायची वेळ आलीच तर ट्रान्समिट बंद करून, फक्त ऐकायला.

नोंदींत सगळीकडे आउटपुट (रिपीटर बोलतो ती फ्रिक्वेन्सी) १४५.७०० मेगाहर्ट्झ, इनपुट (तो ऐकतो ती) १४५.१०० आणि टोन (रिपीटर उघडण्यासाठी बोलण्याबरोबर पाठवायचा बारीक सूर) १०३.५ हर्ट्झ हे नमुन्याचे आकडे आहेत. तुमच्या रिपीटरचे आकडे तो सांभाळणाऱ्या मंडळींकडूनच घ्या. नेटवरच्या याद्यांत बंद पडलेले रिपीटर आणि बदललेले टोन वर्षानुवर्षं तसेच पडून असतात.

६ एप्रिल – मोजदाद

नऊ हँडी बाओफेंग यूव्ही-५आर, तीन त्याच घराण्यातल्या पण वेगळ्या फर्मवेअरच्या (आतल्या सॉफ्टवेअरच्या), दोन जपानी. हँडी, बॅटरी आणि चार्जर यांवर एकच क्रमांक घातला. नुसता मार्कर घामाने जातो, म्हणून छापील चिकटपट्टी आणि वरून पारदर्शक टेप.

बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून मल्टिमीटर लावला. दोन सेलची लिथियम बॅटरी ८.४ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. रात्रभर बाजूला ठेवून परत मोजलं, तर दोन बॅटऱ्या ७.६ वर उतरलेल्या. त्या बाद. चार्जरचा हिरवा दिवा एवढंच सांगतो की चार्जिंग थांबलं. बॅटरीत किती दम उरलाय ते सांगत नाही.

जास्तीच्या अँटेना मागवल्या होत्या, त्यातल्या काही बसल्याच नाहीत. यूव्ही-५आरच्या डोक्यावरच्या एसएमए कनेक्टरला मधोमध पिन असते, म्हणजे अँटेनाच्या बाजूला भोक हवं. जपानी हँडींवर नेमकं उलटं. मागवताना रेडिओचं मॉडेल लिहून भागत नाही, कनेक्टरचा फोटो पाहून घ्यावा. मध्ये अडॅप्टर लावून काम चालतं, पण लांब अँटेना झाडीत अडकली की तो अडॅप्टर तरफेसारखा वळतो आणि हँडीतलं सोल्डर उखडतं. अडॅप्टर वापरले नाहीत, अँटेना बदलून घेतल्या.

८ एप्रिल – केबल

पूर्ण संध्याकाळ केबलवर गेली. सर्वांत स्वस्त प्रोग्रॅमिंग केबल साधारण अडीचशे रुपयांची. लॅपटॉपला लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि ‘कोड १०’. आत यूएसबी-सीरियल चिपची नक्कल असते आणि नवा ड्रायव्हर ती ओळखून काम नाकारतो. जुना ड्रायव्हर घालून केबल चालते, पण विंडोज अपडेट झालं की तो परत नवा होऊन बसतो. दर वेळी ते निस्तरण्यापेक्षा एफटीडीआय चिपची केबल साधारण नऊशे रुपयांना घेतली. लावली आणि पोर्ट दिसला.

पोर्ट दिसूनही तीन हँडींवर ‘रेडिओ प्रतिसाद देत नाही’ हाच संदेश. इथे दोष ड्रायव्हरचा नव्हता. हँडीच्या बाजूच्या दोन भोकांत (३.५ आणि २.५ मिलिमीटर) केबलचा प्लग शेवटपर्यंत बसतच नव्हता, कारण प्लगभोवतीचं प्लास्टिक हँडीच्या कडेला आधी टेकत होतं. कटरने ते मिलिमीटरभर तासलं. प्लग आत जाताना टक् असा बारीक आवाज येतो. तो आला नाही तर पुढे जाऊ नका. हँडी बंद असताना केबल लावायची, मग चालू करायची आणि आवाज अर्ध्याच्या वर ठेवायचा.

९ एप्रिल – चर्प

हँडीत चॅनल भरायला चर्प हे सॉफ्टवेअर वापरलं. फुकट आहे आणि आमच्या सगळ्या हँडी त्यात चालतात. क्रम ठरलेला: आधी हँडीतली माहिती उतरवून घ्यायची, ती मूळ फाइल क्रमांकासह जपून ठेवायची, आणि मगच बदल. एका हँडीची अख्खी फाइल दुसऱ्या फर्मवेअरच्या हँडीत चढवायची नाही. प्रत्येकीची स्वतःची फाइल उघडायची आणि चॅनलच्या ओळी तेवढ्या दुसऱ्या टॅबमधून कॉपी करून चिकटवायच्या. चौदा वेळा तेच करताना कंटाळा येतो, पण हँडी बंद पडत नाही.

रिपीटरची ओळ अशी भरली: फ्रिक्वेन्सी १४५.७००, डुप्लेक्स (शिफ्टची दिशा) उणे, ऑफसेट (शिफ्टचा आकडा) ०.६००, टोन मोड ‘टोन’, टोन १०३.५, मोड एफएम. फ्रिक्वेन्सीच्या रकान्यात नेहमी आपण ऐकतो तीच, म्हणजे रिपीटरची आउटपुट घालायची. कुठे बोलायचं ते हँडी ऑफसेटवरून काढते.

टोनचे रकाने दोन असतात आणि नवखा माणूस हमखास इथेच फसतो. एक ‘टोन’ (पाठवायचा), दुसरा ‘टोन स्क्वेल्च’ (येणाऱ्या सिग्नलात हा टोन नसेल तर हँडी गप्प ठेवणारा), आणि दोन्हींत आधीपासून ८८.५ भरलेलं असतं. मोड ‘टोन’ असेल तर पहिलाच रकाना बघितला जातो. १०३.५ दुसऱ्यात भरलं तर ओळ वरवर बरोबर दिसते, पण हँडी ८८.५ पाठवते आणि रिपीटर ढिम्म राहतो.

नावं सात अक्षरांची, तीही रोमन. देवनागरी या पडद्यावर येत नाही.

१३ एप्रिल – पहिली हवेतली चाचणी

सिंहगड रस्त्यावरच्या एका इमारतीची गच्ची. इथून रांग समोर दिसते, म्हणजे सिग्नलची सबब चालणार नाही. चौदाही हँडींवर रिपीटर स्वच्छ ऐकू आला. त्याच चौदापैकी नऊ हँडींनीच तो उघडला.

रिपीटर आपल्याला ऐकू येणं आणि रिपीटरला आपण ऐकू जाणं हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिल्यासाठी फक्त आउटपुट फ्रिक्वेन्सी बरोबर लागते. दुसऱ्यासाठी शिफ्टची दिशा, शिफ्टचा आकडा, टोन आणि पोचण्याइतकी ताकद हे चारही एकाच वेळी जुळावं लागतं. त्यात ताकदीचं गणित मुळातच विषम. रिपीटर २५ वॉटने बोलत असेल आणि हँडी ५ वॉटने, तर तिकडे जाणारा सिग्नल इकडे येणाऱ्यापेक्षा ७ डेसिबलने अशक्त. शिवाय स्वस्त हँडी ५ वॉट क्वचितच देते. म्हणून “मला तर मस्त ऐकू येतोय” या वाक्याला चाचणीत काही किंमत नाही.

चाचणीची रीत: पीटीटी (बोलायचं बटण) दाबायचं, एक सेकंद थांबायचं, कॉल साइन आणि ‘चाचणी’ म्हणायचं, बटण सोडायचं. सोडल्यावर रिपीटरचा वाहक (आवाजाशिवायचा नुसता सिग्नल) सेकंद-दोन सेकंद हवेत राहतो, ती टेल. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवर पट्टी दिसली आणि नंतर ‘खस्स’ करून बंद झाली, तर रिपीटर उघडला. बटण सोडताक्षणी शांतता असेल, तर नाही. कॉल साइन न सांगता नुसतं बटण दाबून बघणं नियमातही बसत नाही आणि बाकीच्यांना त्रासही होतो.

आणखी एक फसगत इथे होते. शेजारी उभ्या दुसऱ्या हँडीवर आपलाच आवाज रिपीटरमधून येतो का हे बघायला जावं, तर काहीच येत नाही, आणि लोक रिपीटर बिघडला म्हणून मोकळे होतात. २ मीटर बँडवरचे पाच वॉट शेजारच्या रिसीव्हरला बहिरं करतात; ६०० किलोहर्ट्झचं अंतर त्याला पुरत नाही. ऐकणारा माणूस रस्त्यापलीकडे पाठवला की सगळं नीट ऐकू येतं.

१४ एप्रिल – न उघडणाऱ्या पाच

अंदाज बांधण्यापेक्षा मोजायचं ठरलं. संगणकाला एसडीआर डोंगल (पडद्यावर सिग्नल दाखवणारा छोटा रिसीव्हर), हँडीला अँटेनाच्या जागी ५० ओमचा डमी लोड (ताकद हवेत न सोडता जिरवणारा), पॉवर लो, आणि दोघांत खोलीभर अंतर. डमी लोडमधून जे थोडं झिरपतं तेवढं डोंगलला भरपूर होतं. अँटेना लावून जवळून बोलल्यास डोंगल इतका भरून जातो की पडद्यावर खोट्या रेषांचं रान माजतं.

दोन हँडींत १४५.१०० वर सिग्नल बरोबर, पण ऐकू येणाऱ्या आवाजाच्या स्पेक्ट्रममध्ये टोनची रेषा ८८.५ वर उभी. वर लिहिलेला रकान्यांचा घोळ.

एका हँडीत १४५.१०० वर काहीच नाही. सिग्नल निघाला १३९.७०० वर. ऑफसेट ०.६०० ऐवजी ६.००० भरला गेलेला. ही नुसती ‘रिपीटर लागत नाही’ एवढी साधी गोष्ट नव्हे. भारतात हॅमचा २ मीटर बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, त्यामुळे हे प्रसारण सरळ लायसन्सबाहेरचं. शिफ्ट चुकून अधिक झाली तरी तेच: १४६.३००, म्हणजे बँडच्या बाहेर. आपल्याकडे २ मीटरवर चुकीची शिफ्ट चालून जात नाही. म्हणून नवी भरलेली प्रत्येक हँडी आधी डमी लोडवर तपासायची, मग अँटेना.

चौथीत फ्रिक्वेन्सी बरोबर, टोन बरोबर, फक्त पॉवर लोवर अडकलेली. १ वॉट आणि ५ वॉट यांत पुन्हा ७ डेसिबल.

पाचवीत सगळंच ठीक निघालं. तिची अँटेना नकली होती: नाव आणि चकाकी अस्सल, पण नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) २ मीटरला अनुनादच नाही. हँडीबरोबर आलेली आखूड अँटेना लावताच रिपीटर उघडला.

डोंगलबद्दल एक: साध्या डोंगलचं घड्याळ ५० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ५०) चुकू शकतं, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झवर सात किलोहर्ट्झच्या पुढे. आधी तो एखाद्या खात्रीच्या सिग्नलवर जुळवून घ्यावा, मग हँडीला दोष द्यावा.

२० एप्रिल – आवाज

सगळ्या हँडी आता रिपीटर उघडतात, पण तिघांचा आवाज दबका, लांबून आल्यासारखा. मोड ‘एनएफएम’ होता. अरुंद मोडमध्ये डेव्हिएशन (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी किती हलते ते) अडीच किलोहर्ट्झवर थांबतं, आपला रिपीटर पाचच्या हिशोबाने लावलेला. मोड एफएम केल्यावर आवाज भरला. यूव्ही-५आरवर हे मेनू ५ मध्ये, ‘वाइड’.

एकाचा आवाज मात्र फाटत होता. तो हँडी ओठांना लावून बोलत होता. चार बोटं अंतर, माइकच्या समोरून नाही तर थोडं बाजूने, आणि नेहमीच्या आवाजात. ओरडल्याने पल्ला वाढत नाही, शब्द तेवढे चिरडतात.

पहिलं अक्षर कापलं जाण्याची तक्रार सगळ्यांचीच. हँडीने टोन पाठवायचा, रिपीटरने तो ओळखायचा, मग त्याचा ट्रान्समीटर उठायचा आणि शेवटी ऐकणाऱ्या हँडीने बॅटरी सेव्हरमधून जागं व्हायचं. यात अर्धा-पाऊण सेकंद सहज जातो. ‘नको’ मधला ‘न’ गेला तर नुसतं ‘को’ उरतं, आणि बचावाच्या कामात हे परवडत नाही. दाबा, थांबा, बोला हे प्रत्येक हँडीच्या पाठीवर चिकटवलं.

२१ एप्रिल – संगणकाशिवाय भरणं

डोंगरात लॅपटॉप नसतो, म्हणून यूव्ही-५आरवर बटणांनी चॅनल भरता येणं प्रत्येकाला यायलाच हवं. क्रम:

व्हीएफओ मोडमध्ये (फ्रिक्वेन्सी आकड्यांनी टाकायचा मोड) यायचं, वरची ओळ निवडायची. मेनू ७, दुहेरी ऐकणं बंद. ज्या क्रमांकावर भरायचं तो आधी मेनू २८ मधून पुसायचा. मग १४५७०० टाकायचं. मेनू २६ मध्ये ऑफसेट, पडद्यावर ००.६०० वाचून खात्री करायची. मेनू २५ मध्ये उणे. मेनू १३ मध्ये १०३.५. मेनू १० ते १२ बंद. आता मेनू २७, चॅनल क्रमांक, मेनू. हँडी ‘रिसीव्हिंग मेमरी’ म्हणते.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि म्हणून त्यांचा चॅनल चालत नाही. या हँडीला ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रिक्वेन्सी वेगवेगळी साठवून हवी असते. तारांकित बटण एकदा हलकेच दाबलं की आकडा उलटतो आणि १४५.१०० दिसतो. तसंच ठेवून पुन्हा मेनू २७, तोच क्रमांक, मेनू. आता ‘ट्रान्समिटिंग मेमरी’ ऐकू आलं पाहिजे. तारांकित दाबून उलटापालट बंद. मेमरी मोडमध्ये त्या चॅनलवर गेल्यावर पडद्यावर अधिक-उणेचं चिन्ह दिसत नसेल तर दुसरी पायरी राहिली आहे.

त्याच तारांकित बटणाचा दुसरा उपयोग मोलाचा: रिपीटरवर बोलणारा माणूस आपल्याला थेट इनपुटवर ऐकू येतो का ते बघता येतं. येत असेल तर दोघांनी सिम्प्लेक्सवर (रिपीटरशिवाय, थेट एकाच फ्रिक्वेन्सीवर) जावं आणि रिपीटर इतरांना मोकळा सोडावा.

इतर सेटिंगं, सगळ्या हँडींवर एकसारखी: व्हॉक्स (बटण न दाबता आवाजाने ट्रान्समिट) बंद, पीटीटी-आयडी (बटणाबरोबर जाणारा ओळख-संकेत) बंद, रॉजर बीप (बोलणं संपल्याची पिप) बंद, मेनू ३५ (शेवटची ‘खस्स’ दाबणारा) बंद, मेनू २३ बंद. मेनू २३ चालू राहिला तर रिपीटरचा वाहक हवेत असेपर्यंत हँडी बोलूच देत नाही. टाइमआउट ६० सेकंद, म्हणजे बसताना पीटीटी दाबलं गेलं तरी मिनिटात सुटका. मेनू ७ बंद ठेवण्याला आणखी एक कारण आहे. दुहेरी ऐकण्यात खालच्या ओळीवर कुणी बोललं आणि लगेच आपण पीटीटी दाबलं तर उत्तर तिकडेच जातं. माणूस रिपीटरवर बोलल्याच्या समजुतीत, आणि नेट कंट्रोल (सगळ्यांच्या बोलण्याचा क्रम सांभाळणारा) त्याची वाट बघत.

बाजूचं कॉलचं बटण बॅगेत दाबलं जाऊन विविध भारती सुरू होते. आवरण शिवून घेतलं, बटणावर जाड पट्टी येईल असं.

२७ एप्रिल – प्रत्यक्ष पट्टा

खानापूर: गावात हँडीच्या आखूड अँटेनावर चालतं, घरांच्या आडोशाला तुटतं. रांजणे: रस्त्यावर कुठे लागतं, कुठे नाही. पाबे खिंड: उत्तम, लो पॉवरवरही. वेल्हे: रिपीटर अधूनमधून कुजबुजल्यासारखा ऐकू येतो, उघडत अजिबात नाही. खिंडीची रांग मध्ये येते. तिथे पॉवर वाढवून काही साधत नाही.

रांजण्याच्या तुटक जागांवर तीन गोष्टींनी फरक पडला. हँडी कमरेला लावून बाहेरच्या माइकवर बोलणाऱ्यांचा सिग्नल पडत होता. तीच हँडी काढून डोक्याच्या उंचीवर, अँटेना सरळ उभी धरली की लागत होता. शरीर सिग्नल पितं आणि कमरेला तर ते अँटेनाला चिकटूनच असतं. दुसरं, गाडीच्या आतून बोलायचं नाही. तिसरं, जागा अर्धा मीटर बदलायची. या बँडची तरंगलांबी दोन मीटरच्या जवळ; डोंगरावरून परतलेला आणि थेट आलेला सिग्नल एकमेकांना मारतात त्या जागा एकेक मीटरवर येतात. दोन पावलं बाजूला सरकून जे होतं ते नवी बॅटरी घालून होत नाही.

२८ एप्रिल – शेपटी आणि रिबनची अँटेना

आखूड अँटेनाला हँडीचं धातूचं शरीर आणि धरणाऱ्याचा हात एवढीच जमीन (ग्राउंड, म्हणजे अँटेनाचा दुसरा अर्धा भाग) मिळते. ४९ सेंटीमीटर मऊ वायर अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या कड्याला जोडून खाली लोंबती सोडली. वायरच्या टोकाला गोल टर्मिनल, अँटेनाखाली वायसरसारखं. खर्च नगण्य, आणि रांजण्याच्या अर्ध्याअधिक तुटक जागा लागायला लागल्या. दोन सावधगिऱ्या: टर्मिनल जाड असेल तर अँटेना पूर्ण घट्ट बसत नाही, म्हणून पातळ पत्र्याचं घ्यावं, आणि त्याची कड मधल्या पिनला टेकता कामा नये. आधी कंटिन्युइटी बघावी, मग पीटीटी.

वेल्ह्याच्या तळासाठी गुंडाळता येणारी जे-पोल अँटेना केली. जुन्या टीव्ही अँटेनाची ३०० ओमची चपटी वायर पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, चौकशी केल्यावर मिळाली. आता फारसं कुणी ठेवत नाही. खालचं टोक जोडून टाकायचं, तिथून ३ सेंटीमीटरवर कोॲक्स (हँडीपासून अँटेनाला जाणारी केबल), ४२ सेंटीमीटरवर एका बाजूच्या तारेत ६ मिलिमीटरची खाच. खाच ज्या तारेत, त्या तारेला कोॲक्सची जाळी. अखंड तारेला मधली तार. एकूण लांबी १४५ सेंटीमीटर ठेवून नॅनोव्हीएनएवर बघत वरून थोडं थोडं छाटत आणलं. हे छाटणं अँटेना उघड्यावर टांगूनच करावं लागतं. टेबलावर जुळवलेली काठीवर चढवली की जुळणी सरकते. ओल्या बांबूवर बांधली तरी सरकली, म्हणून वर नायलॉन दोरी आणि फांदीपासून दूर. कोॲक्सच्या जोडाखाली कोॲक्सचे पाच-सहा वेढे एकत्र बांधले.

कोॲक्स आरजी-५८, पाच मीटर. या बँडवर ती दहा मीटरला साधारण २ डेसिबल खाते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त ताकद वायरीतच. लांब केबल घेऊन उंच जाण्यात फायदा आहे का, हे दर वेळी करून बघावं लागतं. वेल्ह्यात झाडावर सात-आठ मीटर चढवल्यावर रिपीटर स्पष्ट ऐकू यायला लागला आणि हँडीने तो उघडलाही, पण आवाजात खरखर. भरवशाचं नाही.

४ मे – वेल्ह्याचा प्रश्न

खिंडीत गाडी उभी करून तिच्यात बसवलेल्या रेडिओवर (मोबाइल सेट) क्रॉसबँड रिपीट लावायची सूचना आली: वेल्ह्याच्या हँडी ७० सेंटीमीटर बँडवर (यूएचएफ) बोलतील, गाडी ते रिपीटरच्या इनपुटला देईल. कागदावर छान दिसतं. अडचण टेलची आहे. गाडीचा सेट रिपीटरची टेलही सिग्नल समजून यूएचएफवर पाठवत राहतो, आणि पाठवत असताना तो वेल्ह्याचं ऐकू शकत नाही. रिपीटरवर गप्पा रंगल्या की खालच्या माणसाला मध्ये शिरायला फटच मिळत नाही. बोलणं थांबताच टोन काढून घेणारा रिपीटर असेल तर गाडीच्या व्हीएचएफ (२ मीटर) बाजूला टोन स्क्वेल्च लावून यावर मात करता येते. आपला तसा नाही. परवानगीचा मुद्दा वेगळाच, आणि तासन्‌तास पाठवत राहिल्याने मोबाइल सेट तापतो तो वेगळा.

ठरलं ते जुनंच: खिंडीत एक माणूस, दोन हँडी. एक रिपीटरवर, एक सिम्प्लेक्सवर, दोघींत अंतर. संदेश लिहून घ्यायचा आणि जसाच्या तसा पुढे वाचायचा. हळू आहे, पण बॅटरी कमी लागते आणि चुकलं तर विचारता येतं.

११ मे – चॅनलची अंतिम मांडणी

चॅनल १ रिपीटर. चॅनल २ तोच रिपीटर, पण लो पॉवर. चॅनल ३ रिपीटरची आउटपुट सिम्प्लेक्स म्हणून: डोंगरावरची वीज गेली आणि रिपीटर बंद पडला तर सगळे ऐकत असतात तिथेच थेट बोलता येतं. चॅनल ४ खिंड–वेल्हे सिम्प्लेक्स. पाचपासून पुढे नुसतं ऐकायचे चॅनल, चर्पमध्ये डुप्लेक्स ‘ऑफ’, म्हणजे पीटीटी दाबलं तरी काही निघत नाही. स्वयंसेवकांच्या हँडींत पहिले चारही असेच.

रिकाम्या जागेत आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा रिपीटर भरून ठेवला: बोलायला १४५.९९०, टोन ६७.०, ऐकायला ४३७.८००. चर्पमध्ये डुप्लेक्स ‘स्प्लिट’. स्थानक येताना आणि जाताना डॉपलरमुळे ऐकण्याची फ्रिक्वेन्सी दहा किलोहर्ट्झपर्यंत सरकते, म्हणून ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत पाच-पाच किलोहर्ट्झचे पाच चॅनल उतरत्या क्रमाने. सरावाशी संबंध नाही, पण शिफ्ट आणि टोन नवख्याला शिकवायला याहून चांगलं साधन नाही.

हिशोब, हँडी सोडून, ढोबळ: चांगली केबल ९००, वाया गेलेली केबल २५०, अँटेना बदलण्याचा फरक आणि कुरियर ६००, दोन बॅटऱ्या १,६००, रिबन, कोॲक्स आणि कनेक्टर ७५०, शेपट्यांची वायर आणि टर्मिनल १५०, आवरणं १,४००. डोंगल आणि नॅनोव्हीएनए आधीपासून होते. नसतील तर कुणाकडून तरी मागून आणा, कारण १४ एप्रिलचं काम त्यांच्याशिवाय नुसत्या तर्काने झालं नसतं.

१८ मे – रंगीत तालीम

नेट कंट्रोल खानापुरात, खिंडीत रिले, वेल्ह्यात तळ, बाकीचे पायी. दोघं एकदम बोलले की रिपीटरमधून किर्र आवाज येतो आणि दोघांचंही जातं. म्हणून टेल पूर्ण पडू द्यायची, मगच बटण. टेल पडली की रिपीटरचा टाइमरही शून्यावर येतो. तो न येऊ देता आळीपाळीने बोलत राहिलं की तीन मिनिटांनी रिपीटर सगळ्यांना तोडतो. तालमीत हे एकदा झालं आणि बंद पडला म्हणून खिंडीतून निरोपही आला. खरं तर सगळे मिनिटभर गप्प बसले असते तर तो आपोआप मोकळा झाला असता. चॅनल ३ ची सवय सगळ्यांना त्या गोंधळातच झाली.

बॅटरी: हाय पॉवरवर बोलताना हँडी दीड अँपिअरच्या आसपास ओढते. खिंडीतल्या रिपीटर-हँडीला चॅनल २ दिल्यावर ती संध्याकाळपर्यंत टिकली, वेल्ह्याच्या हँडीला दुपारीच दुसरी बॅटरी लागली. वेल्ह्यासाठी तीन बॅटऱ्या नेमून दिल्या.

हँडी ११ चं पीटीटी रबर आत रुतून बसतं आणि सोडल्यावरही अधूनमधून दाबलेलं राहतं. टाइमआउटने तिला ६० सेकंदांनी गप्प केलं. रबराची पट्टी मागवली आहे. ती येईपर्यंत ११ मध्ये सगळे चॅनल डुप्लेक्स ‘ऑफ’ करून ती ऐकण्याच्या ढिगात.